हवामानवालीच्या घरावरची डिश

मी डिश बोलतेय. गच्चीवरची, गोल, एका कडेला जराशी चेपलेली. जन्मभर मी फक्त ऐकत आले. आभाळातून येणारं सगळं मुकाट्याने गोळा करायचं आणि वायरीतून खाली पाठवायचं, हाच माझा धंदा. आज बोलायची पाळी माझी आहे, तेव्हा कृपा करून मध्ये तोंड घालू नका.

आमच्यात बालपण वगैरे भानगड नसते. कारखान्यात पत्र्याचा एक गोल तुकडा यंत्राखाली सरकवला, वरून धप्पकन दणका बसला आणि मी एकदम मोठीच झाले. मग राखाडी रंग, पाठीला चार भोकं, पुढे एक लांब दांडा. त्या दांड्याच्या टोकाला एक छोटं डबडं बसतं. कारागीर लोक त्याला एलएनबी म्हणतात. मी त्याला माझा डोळा म्हणते. आभाळातून आलेलं सगळं मी त्या डोळ्यावर नेऊन टाकते आणि डोळा ते वायरीत सोडतो. डोळा नसला तर मी नुसती परात आहे, आणि परातीइतकीही कामाची नाही.

माझं पहिलं घर म्हणजे एक खाणावळ. तिथे माझ्याकडून फक्त सामने बघून घेतले. काय तो आरडाओरडा! जिंकले तरी टेबलं बडवायची, हरले तरी टेबलं बडवायची. पुढे मालकाने केबल घेतली आणि मला काढून ठेवलं. काढताना मी शिडीवरून निसटले आणि कडेला चेपले. कोणी "लागलं का गं" म्हणून विचारलंसुद्धा नाही. तिथून मी जुन्या सामानाच्या दुकानात आले आणि पंख्यांच्या ढिगामागे पडून राहिले. गंज कुठे लागतोय तेवढं बघत दिवस काढले.

त्या दुकानदाराचा चष्मा कायम कपाळावर असायचा, म्हणून सगळे त्याला चष्माच म्हणायचे. माणूस फटकळ, पण आपल्या कामात पक्का. गिऱ्हाईक आत आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "काय बघायचंय?"

एके दिवशी एक पेंटर आला. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. नखांत निळा रंग, कानामागे पेन्सिल, मिश्या पांढऱ्या. डिशमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सगळ्या नवख्यांसारखा तो आधी भाव न विचारता "सगळ्यात मोठी कोणती" म्हणाला.

"मोठी-छोटी नंतर. काय बघायचंय?" चष्म्याने विचारलं.

"हवामान," पेंटर म्हणाला. "आमचा बाहेरचा धंदा. रंग ओला असताना पाऊस आला की पाटीचे बारा वाजतात. हवामान कळलं की बरं."

चष्म्याने त्याला एक छोटी, नवी कोरी डिश दिली, सोबत बॉक्स दिला आणि कुठल्या दिशेला तोंड करायचं ते सांगितलं. पेंटर खुशीत गेला. आणि थोड्याच दिवसांत सगळं बोचकं घेऊन परत!

"हे नको. दुसरं द्या."

"का? हवामान दिसत नाही?"

"दिसतं. दिवसभर दिसतं. पण ते हवामान नको. दुसरं हवामान पाहिजे."

"पेंटर, हवामान हे हवामानच असतं की हो! त्यात दुसरं आणि तिसरं काय?"

पेंटरने एका चॅनेलचं नाव सांगितलं. दूरच्या शहरातलं छोटंसं चॅनेल, इकडच्या केबलवाल्याने नावही न ऐकलेलं. चष्म्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. तो म्हणाला, "ते वेगळ्या उपग्रहावर आहे. आपल्या गावात त्याचे सिग्नल अगदी काठावर येतात, या छोटीला काही झेपायचे नाहीत. आणि ते तर त्या शहराचं हवामान सांगतात. तिथे पाऊस पडला तर तुमची इथली पाटी कशी भिजेल?"

पेंटर बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मग मन घट्ट करून एकदाचा म्हणाला, "मुलगी आहे माझी तिथे. संध्याकाळी तीच सांगते हवामान. मला ती दिसली पाहिजे."

"अहो, मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना भल्या माणसा!" असं म्हणत चष्मा उठला, पंखे बाजूला सारले आणि माझी मान धरून मला बाहेर ओढलं.

आता माझी परीक्षा सुरू झाली. चष्मा म्हणाला, जुनी डिश घेताना ती वाकडी तर झाली नाही ना, ते आधी बघायचं. पेंटरने खिशातून पाट्यांवर रेघा मारायची दोरी काढली. माझ्या तोंडावर एक दोरी आडवी ताणली, दुसरी उभी ताणली. दोन्ही दोऱ्या मधोमध एकमेकींना नुसत्या टेकल्या. म्हणजे अंगाने मी सरळ! चेपलेली कड त्याने घरी नेऊन फडकं ठेवून, लाकडी हातोडीने हलक्या हाताने जवळजवळ सरळ केली. ठोकताना "लागलं का गं?" असंही म्हणाला. त्याला पत्र्याशी बोलायची सवय होती. मी त्या क्षणीच त्याची झाले.

घर दोन खोल्यांचं, खाली दुकान, वर गच्ची. माझी जागा गच्चीच्या कडेला, खालच्या खोलीच्या झरोक्याच्या अगदी शेजारी. त्यामुळे खोलीत पडलेला शब्द न शब्द मला ऐकू येतो. पेंटरची बायको पहिल्याच दिवशी झाडू मारायला वर आली. कठड्याला टेकली आणि शेजारणीला सगळी कर्मकहाणी सांगू लागली, तेव्हा ती मलाही कळली.

मुलीचं लाडाचं नाव कुंचली. लहानपणी तिचे केस कुंचल्यासारखे उभे राहायचे म्हणून. बापाच्या मांडीवर बसून अक्षरं काढायला शिकली, हात असा की भल्याभल्यांनी बघत राहावं. बापाने मनात मांडे खाल्ले आणि एका सकाळी दुकानावर नवी पाटी चढवली: "पेंटर आणि कन्या". गल्ली कौतुक करायला जमली. आणि कन्येच्या हातात नेमकं त्याच दिवशी नोकरीचं बोलावणं!

ती म्हणाली, "बाबा, पाटी लावायच्या आधी मला विचारलंत का?"

हा म्हणाला, "विचारायचं काय त्यात?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी हा गरजला, "जा! त्या डबड्यात तोंड दाखवायची हौस आहे ना, मग तिथूनच दाखव. इथे येऊन दाखवू नकोस."

ती गेली. तीही याचीच लेक, हट्टाला कमी कशी असेल? आईशी फोनवर बोलायची, बापाचं नाव काढायची नाही. बाप "आणि कन्या"वर पांढरा रंग मारून मोकळा झाला. रंग मारला खरा, पण ऊन कलतं झालं की खालची अक्षरं हळूच दिसायचीच.

"आणि आता," बायको झाडू आपटत म्हणाली, "स्वतःच तिला सांगितलं डबड्यातून तोंड दाखव म्हणून, आणि स्वतःच ते तोंड बघायला एवढी मोठी परात आणलीये. फोन उचलून चार शब्द बोलायचे, तर ते नाही!"

परात म्हणाली म्हणून मी रागावले नाही. खरं तेच बोलत होती.

मला बसवण्याची कथा वेगळीच. माझा खांब पेंटरने ओळंबा लावून असा उभा केला की गवंड्याने मान डोलवावी. पण तोंड? चष्म्याने बजावलं होतं की ही डिश जवळजवळ उभीच ठेवायची, हिची नजर मुळात तिरकी वर जाते. पेंटरला ते पटेना. "आभाळातलं बघायचं आणि तोंड समोरच्या भिंतीकडे? मला काय वेड्यात काढतो काय!" म्हणून त्याने मला पार उताणी केली. मी बघतेय तर डोक्यावर नुसतं रिकामं आभाळ. एक घार तेवढी गेली.

खाली टीव्हीसमोर बायको, वर हा.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"मुंग्या आल्यात!"

"मुंग्या चढत्या का उतरत्या?"

"मुंग्यांना काय विचारू मी? तुम्ही उतरा आता, पडाल एखाद्या वेळी!"

दोन दिवस हा तमाशा चालला. सगळी गल्ली करमणूक करून घेत होती. तिसऱ्या दिवशी हार मानून त्याने मला चष्म्याने सांगितलं तसं उभं केलं आणि अगदी केसभर, केसभर वळवत राहिला. आणि एका क्षणी मला ते सापडलं! फार लांबचं, फार बारीक, पण माझ्या डोळ्यावर अचूक येऊन पडलं. खालून बायको किंचाळली, "आली! अहो आली! हलवू नका! हात लावू नका! कुंचली आली!"

पेंटर शिडीवरून कसा उतरला ते त्यालाच माहीत. पाना माझ्याजवळच विसरला. खाली टीव्हीतून एका मुलीचा आवाज येत होता. उत्तरेकडून वारे, किनारपट्टीला हलक्या सरी, कमाल तापमान अमुक. तिचं संपलं, जाहिरात लागली, तेव्हा पेंटर एवढंच म्हणाला, "वाळलीये."

"तुम्हीच जेवायला घालायला जा मग," बायको म्हणाली, आणि नाक ओढलं.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्याचं सोनं झालं. रोज संध्याकाळी पेंटर हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून टीव्हीसमोर बसायचा. बायको हसायची, "ती काय तुम्हाला बघतेय का?" तो म्हणायचा, "गप बस, हवामान ऐकू दे." त्या दूरच्या शहरात पाऊस असला की हा इथे कोरड्या गच्चीवर येऊन माझ्याशी बोलायचा, "छत्री नेली असेल का गं तिने?"

इतका जीव लावला की त्याला मला सजवल्याशिवाय राहवेना. पाटी रंगवणारा माणूस तो, घरावर राखाडी, गंजाचे ठिपके पडलेली डिश कशी बघवेल? आपल्या दुकानातला उत्तमातला उत्तम, चकचकीत पांढरा रंग त्याने माझ्या तोंडावर चढवला. दोन हात दिले. शेजारणींना त्यात आपला चेहरा दिसायचा. मी तर अशी फुगले होते म्हणून सांगू! कावळासुद्धा बिचकून बसायचा नाही.

पण आपलं कौतुक आपल्यालाच महागात पडतं कधीकधी. वर्षातून दोनदा काही दिवस असे येतात की दुपारी सूर्य नेमका माझ्या उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो. खडबडीत, फिक्या रंगाच्या डिशला त्याचं काही नाही. पण माझं तोंड झालेलं आरसा. सगळं ऊन मी गोळा केलं आणि सवयीने थेट माझ्याच डोळ्यावर नेऊन टाकलं. मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. डोळ्यावरचं झाकण आधी मऊ झालं, मग वाकलं, मग त्यातून धूर आला. मी ठार आंधळी झाले.

संध्याकाळी पेंटर धुतलेला शर्ट घालून बसला आणि पडद्यावर नुसता निळा रंग. त्याने बटणं दाबली. बॉक्सवर चापट्या मारल्या. वर आला, माझा खांब बघितला, ओळंबा लावला. सगळं जागच्या जागी. वितळलेल्या झाकणाकडे त्याचं लक्षच गेलं नाही, कारण मनात भलतंच शिरलं होतं.

"चॅनेलच बंद पडलं असेल," तो खाली जाऊन म्हणाला. "पोरीची नोकरी गेली असेल. नाहीतर आजारी असेल. एकटी आहे तिथे."

"फोन लावा."

"मी नाही लावणार. मी तिला काय बोललो होतो ते विसरलीस?"

"मी नाही विसरले. तुम्ही विसरा."

तरी त्याने फोन लावला नाही. जेवला नाही, निळ्या पडद्यासमोरून उठला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. अर्धवट रंगवलेली पाटी खाली दुकानात तशीच सुकत पडली. मग बायकोनेच फोन उचलला, आणि मुद्दाम झरोक्याखाली उभी राहून बोलली.

"कुंचले, तू बरी आहेस ना? हो, डिश बिघडलीये आमची. कसली म्हणजे? तुला बघायला आणलीये तुझ्या बाबांनी. रोज बघतात. शर्ट बदलून बसतात गं टीव्हीपुढे. तू दोन दिवस दिसली नाहीस तर माणूस जेवला नाहीये."

मग बायको म्हणाली, "रडू नकोस. शिंक येते तुला रडलीस की."

चष्म्याला बोलावणं धाडलं. तो गच्चीवर आला, मला बघितलं आणि डोक्याला हात लावला. "पेंटर, अहो ही डिश आहे, मिठाईच्या दुकानाची पाटी नाही! चकाकी दिलीत ना तिला? उन्हाने डोळा भाजला तिचा."

पेंटरचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. पण जीवही भांड्यात पडला होता. पोरगी ठीक होती, नोकरी ठीक होती, बिघडलं होतं ते त्याच्याच हाताने, म्हणजे त्याच्याच हाताने दुरुस्त होणार होतं. पॉलिश पेपर घेऊन त्याने माझ्या तोंडावरची सगळी चकाकी घासून काढली. घासताना "माफ कर गं" म्हणत होता. कोणाला म्हणत होता ते मी विचारलं नाही. मग चमक नसलेला, साधा फिका रंग दिला. चष्म्याने नवा डोळा बसवला. एवढ्या वेळात त्याने एकदाही विचारलं नाही की काय बघायचंय.

संध्याकाळी कुंचली आली. वारे, सरी, तापमान, सगळं नेहमीसारखं सांगितलं. आणि नमस्कार करायच्या आधी जरा थांबली. माझ्यावरून किती आवाज गेले असतील, पण तसं थांबणं मी कधी पकडलं नव्हतं.

ती म्हणाली, "आणि आता आमच्या नकाशात नसलेल्या एका गावासाठी. तिथे उद्या दिवसभर हवा कोरडी राहील. कोणाला पाटी रंगवायची असेल, तर रंगवून घ्यावी."

आणि शिंकली. थेट टीव्हीवर!

खोलीत पेंटर रडला. आवाज करून रडला. बायकोने त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी हवा खरोखर कोरडी होती. पेंटर सकाळीच शिडी, डबे, कुंचले घेऊन वर आला. मला वाटलं, आता पुन्हा माझ्या तोंडाला काही करतो की काय! पण तो वळसा घालून माझ्या पाठीमागे गेला. पाठीवर काही केलं तरी माझ्या कामात फरक पडत नाही, हे त्याने चष्म्याला दोनदा विचारून घेतलं होतं. आता तो विचारून करायला शिकला होता.

माझं तोंड उपग्रहाकडे आणि पाठ रस्त्याकडे, बसथांब्यावरून गल्लीत येणाऱ्या रस्त्याकडे. त्याने दोरी मारली, पेन्सिलीने आखलं आणि अक्षरं काढू लागला. कुंचल्याच्या गुदगुल्या कळत होत्या, पण वाचता कशी येणार? स्वतःची पाठ कोणाला दिसलीये? बायको दुपारी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिने वर बघितलं, वाचलं, आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. पण मोठ्याने वाचेल तर शपथ! गल्लीतली माणसं थांबत, मनातल्या मनात वाचत, पुढे जात. माझी नुसती तगमग.

मग एक दिवस सकाळची बस आली. गल्लीत पावलं वाजली आणि आमच्या घराच्या अलीकडेच थांबली. बॅग खाली ठेवल्याचा आवाज आला. आणि तोच आवाज, जो मी रोज इतक्या लांबून गोळा करत होते, तो चक्क खालून, रस्त्यावरून आला. ती एकेक शब्द मोठ्याने वाचत होती.

"येथे हवामानवालीचे बाबा राहतात. पाट्याही रंगवून मिळतील."

अशी माझी पाठ मला पहिल्यांदा कळली.

पेंटर दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता. तिने पुन्हा एकदा वर बघितलं.

"बाबा, शेवटची ओळ जराशी उतरलीये."

"हात हलला."

"का?"

"हवा होती."

"हवा कोरडी होती, बाबा. मी सांगितलं होतं."

"हो," पेंटर म्हणाला. "तुझं हवामान बरोबरच होतं. माझंच चुकलं." आणि त्याने तिची बॅग उचलली.

या सगळ्याला आता बराच काळ लोटला. कुंचली त्या शहरातच काम करते, आता मोठ्या चॅनेलवर आहे. सुट्टीत येते तेव्हा बापाशेजारी बसून एखादी पाटी काढून देते, पण ती स्वतःच्या मर्जीने. चित्र आता हातातल्या फोनवर येतं, रोज दोघं एकमेकांना बघून बोलतात. तरी पेंटर शर्ट बदलूनच बसतो. माझी वायर काढून टाकली आहे. आसपासच्या गच्च्यांवरच्या माझ्या बहिणी एकेक करून भंगारात गेल्या. मला मात्र कोणी हात लावत नाही. पावसाने पाठीवरची अक्षरं फिकी झाली की पेंटर वर येतो आणि ती उजळून जातो. शेवटची ओळ मात्र उतरलेलीच ठेवतो. मला आता ऐकायचं काम नाही, पण सवय जात नाही. झरोक्यातून खालचं हसणं येतं तेवढं पुरतं मला.

तुमच्यापैकी कोणी नव्याने डिश घ्यायला निघालं असेल, तर माझं एवढं ऐका. जुनी घेतलीत तर दोन दोऱ्या ताणून बघा. खांब सरळ रोवा. तोंडाला चकाकी देऊ नका. आणि दुकानदार "काय बघायचंय" म्हणून विचारेल, तेव्हा हवामान, सामने असं काहीबाही सांगू नका. ज्याचं तोंड बघायचंय त्याचं नाव पहिल्याच दिवशी सांगून टाका.